तीनशे चौऱ्याऐंशीचा काटा

२६ जून. शाळा सुरू होऊन दहा दिवस झाले आणि प्रयोगशाळेचा जडसंग्रह अजून तपासायचा राहिला होता. आज शेवटचे दोन तास मोकळे मिळाले म्हणून नोंदवही उघडून बसले. परीक्षानळ्या, चंचुपात्रं, स्पिरिटचे दिवे करत करत नादकाट्यांच्या लाकडी पेटीपाशी आले. नोंदवहीत आठ, पेटीत आठ. एकही गंजलेला नाही. याचं श्रेय माझं नाही, खरात मामांचं आहे. मामा जाऊन दोन वर्षं झाली. त्यांच्याबद्दल लिहायचं कधीपासून मनात होतं. यादी संपली आहे, पेन हातात आहे, तर लिहूनच टाकते.

नादकाटा म्हणजे आपटला की एकाच सुरात वाजणारा दोन पात्यांचा धातूचा चिमटा; तो सेकंदाला किती वेळा हलतो तो आकडा त्यावर कोरलेला असतो, आणि तो रबरी ठोकळ्यावर आपटायचा असतो. मामा तो स्वतःच्या गुडघ्यावर आपटायचे. आपटून झाला की काट्याची दांडी गुडघ्याच्या वाटीवर टेकवून डोळे मिटून बसायचे. मी नवीन होते तेव्हा विचारलं, हे काय चाललंय?

"वाताला औषध घेऊन राह्यलो, बाई. दोनशे छप्पन्नचा गुडघ्याला, पाचशे बाराचा दाताला."

"फरक पडतो का?"

"फरक बिलकुल न्हाई. पर गुडघ्याला करमतं."

एकनाथ खरात आमच्या शाळेत प्रयोगशाळा परिचर होते. घनसावंगीकडच्या एका गावातली ही अनुदानित शाळा, आठवी ते दहावी, आणि मी तिथली विज्ञानाची बाई. परिचर म्हणजे नळ्या धुणारा, कपाटं उघडणारा, प्रयोग मांडून देणारा माणूस. मामा बुटके, रुंद खांद्यांचे, तरुणपणी लग्नाच्या बँडात मोठा ढोल वाजवलेले. आवाजही ढोलासारखाच. तीव्र सल्फ्युरिक आम्लाला ते 'साहेब' म्हणत. "साहेबाच्या अंगावर पाणी टाकायचं न्हाई. पाण्यात साहेबाला हळूहळू सोडायचं. मंग साहेब भडकत न्हाईत." आम्लात पाणी ओतू नये, पाण्यात आम्ल ओतावं, हे मी पाच वर्षं फळ्यावर लिहीत होते. पोरांच्या लक्षात मात्र साहेबच राहिले. कुणाच्या हातून काच फुटली तर मामा ओरडत नसत. तुकडे झाडून घेता घेता म्हणत, "फुटली ती सुटली. आता उरलेल्यांकडं बघा."

एका गोष्टीचा मात्र त्यांना सल होता. प्रयोग मांडून झाला की त्यांनी बाहेर जायचं, अशी शाळेची रीत होती. आत शिक्षक आणि मुलं, दाराबाहेर स्टुलावर मामा. काही लागलं की हाक मारायची. ही रीत माझ्याआधीची होती, पण मीही ती मोडली नव्हती. "मामा, झालं, तुम्ही बाहेर थांबा," हे वाक्य मी शेकडो वेळा म्हटलं असेन. एकदा स्टूल उचलता उचलता ते म्हणाले, "सैपाक म्या करायचा, आन् पंगत बसली की भायेर." हसत म्हणाले. मी ऐकलं आणि हजेरी घ्यायला लागले.

आत थांबायचा अधिकार प्रयोगशाळा सहायकाला. त्या पदासाठी विज्ञान घेऊन दहावी पास व्हावं लागतं. मामांनी पंचेचाळिसाव्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी दिली आणि विज्ञानात छत्तीस मार्क मिळवले. पुढे सहायकाची जागा रिकामी व्हायला आठ वर्षं लागली. झाली तेव्हा मामांच्या नोकरीची पाच वर्षं उरली होती. सेवाज्येष्ठतेने जागा त्यांचीच. पण संस्थेच्या सचिवांचा पुतण्या नुकताच बी.एस्सी. होऊन घरी बसला होता.

सचिव उघड काही बोलले नाहीत. मुख्याध्यापकांच्या खोलीत चहा घेता घेता एवढंच म्हणाले, "नुसत्या बाटल्या धुऊन कुणी सहायक होत नसतं. मुलांना प्रयोग समजावून सांगता येतो का, ते बघू की." समिती नेमली. सचिव, मुख्याध्यापक आणि बाहेरचे तज्ज्ञ म्हणून जालन्याच्या एका कॉलेजातून निवृत्त झालेले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. मामांनी चिठ्ठी उचलायची, जो धडा येईल त्यातला प्रयोग आठ दिवसांनी करून दाखवायचा. चिठ्ठीत आला नववीचा ध्वनी.

मला बरं वाटलं. ध्वनीचा प्रयोग मामा झोपेतही मांडतील असा होता. उंच बरणीत पाणी, त्यात दोन्ही तोंडं उघडी असलेली काचेची नळी. नळीच्या तोंडाशी वाजता नादकाटा धरायचा आणि नळी हळूहळू वर उचलायची. एका जागी आतली हवा काट्याबरोबर घुमायला लागते आणि आवाज एकदम मोठा होतो. तिथे पाण्यापासून तोंडापर्यंतची लांबी मोजायची. ही लांबी म्हणजे साधारण तरंगलांबीचा चौथा भाग. काट्यावर वारंवारता कोरलेली असतेच. लांबीची चौपट गुणिले वारंवारता केली की आवाजाचा वेग.

पहिल्या दिवशी मी सहज विचारलं, "मामा, दोनशे छप्पन्नचा काटा आणि पाचशे बाराचा काटा. कोणाचा आवाज आधी पोचेल?"

"पाचशे बाराचा. दुप्पट हालतंय म्हंजे दुप्पट जल्दी पळणार."

"नाही. दोन्ही एकाच वेळी पोचतात."

"कामून? सायकलचं पायडल जल्दी मारलं की सायकल जल्दी जाती का न्हाई?"

मी सूत्र लिहिलं. वेग म्हणजे वारंवारता गुणिले तरंगलांबी. हवेत वेग कायम, म्हणून वारंवारता दुप्पट झाली की तरंगलांबी निम्मी. मामांनी मान डोलावली, वहीत उतरवून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाचशे बाराला आधी पोचवलं. तिसऱ्या दिवशीही तेच. मी चिडले.

"मामा, पाच दिवस उरलेत. समजत नसेल तर पाठ करा."

"पाठ करून दहावी काढली, बाई. छत्तीस पडले. प्रोफेसरानं उलट्या बाजूनं इचारलं तर पाठ केलेलं उलटं होत न्हाई." वही मिटून ते म्हणाले, "मला हे कुठंतरी होताना दिसाय पायजे. तवर म्या हो म्हणणार न्हाई."

मला त्यांच्या हट्टाचा राग आला आणि थोडी भीतीही वाटली. तो पुतण्या आतापासूनच प्रयोगशाळेत डोकावून कपाटं बघून जात होता.

चौथ्या दिवशी मामा सकाळच्या शाळेला अर्धा तास आधी आले. मी गेटातून आत शिरते तोच पायरीवरून उठले.

"बाई, तुमचंच खरं हाय."

आदल्या संध्याकाळी ते शेतात होते. दोन शेतं पलीकडच्या रस्त्यानं नवरदेवाची वरात चालली होती, पुढे बँड. "ढोलवाल्याचा हात खाली येताना दिसायचा, आन् धम्म मागून यायचं. एवढं लांब व्हतं. म्हणलं, बरं हाय, आवाज उशिरा येऊन राह्यला. मंग ध्यानात आलं. क्लॅरनेट बारीक, ढोल जाडा. बारीक आवाज जल्दी पळाला असता तर मला क्लॅरनेट आधी आन् ढोल मागून ऐकू आला असता. गाण्याचा पार कचरा. पर गाणं जसंच्या तसं! ठेका जागच्या जागी! उशीर दोघायलाबी बराबर. दहा वर्षं ढोल बडवला, बाई, पर लांब उभं राहून कधी ऐकलाच न्हाई."

सगळ्या सुरांचा वेग सारखा, हे मी फळ्यावर सांगत होते. मामांना त्याचा पुरावा वरातीत सापडला. मी त्यांना चहा पाजला.

आता राहिली तरंगलांबी. तीही त्यांनीच सोडवली. दुसऱ्या दिवशी बाजार होता. मामा आणि त्यांची बायको शांताबाई पायी कुंभार पिंपळगावला निघाले, आणि मामांनी प्रयोगशाळेतली मीटरपट्टी बरोबर घेतली. झालं ते मला शांताबाईंनीच परत येताना शाळेच्या गेटाशी थांबून सांगितलं.

"काय शिकवलं वं बाई तुमी ह्या माणसाला? भर रस्त्यात मला म्हणतंय, पाय उचलू नको, तसाच ठिव. आन् धुळीत बसून पट्टी लावून राह्यलंय! लोकं टेम्पो थांबवून बघायलेत. एकजण म्हणला, मामा, रस्ता रुंद करून राह्यलेत का? मला तर मेल्याहून मेल्यावाणी झालं."

"आगं, पर आकडा निघाला की!" मामा मागून म्हणाले.

"निघाला! ईस रुपयाची मेथी राहिली घ्यायची, ते बघा आधी."

आकडा असा होता. मामांचं पाऊल सत्तर सेंटीमीटर, मिनिटाला शंभर पावलं. शांताबाईंचं पाऊल पन्नास, मिनिटाला एकशेचाळीस. गुणाकार दोन्हीकडे सात हजार. "म्हणून दोघं संगं पोचतो, बाई. तिची पावलं जास्त, पर बारकी. माझी कमी, पर लांब. मिनटातली पावलं म्हंजे वारंवारता, एक पाऊल म्हंजे तरंगलांबी, आन् चाल म्हंजे वेग."

"आणि तुम्ही दोघं वेगवेगळं का चालत नाही?" मी मुद्दाम विचारलं. "वेग कोण ठरवतं?"

शांताबाई पटकन म्हणाल्या, "म्या ठरवते."

"ते घरी," मामा म्हणाले. "आवाजाचा रस्ता ठरवतो. चिखल असला की दोघंबी हळू. आवाजाचा रस्ता म्हंजे हवा. बराबर?"

बराबर, म्हटलं. त्या दिवसानंतर मी त्यांना काही शिकवलं नाही.

समिती मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आली. सकाळी अकरालाच प्रयोगशाळेचे पत्रे तापले होते. मामांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. बरणी, नळी, काटे, पट्टी सगळं मांडलेलं. सचिव खुर्चीवर बसण्याआधीच टेबलापाशी गेले आणि नळीकडे बोट दाखवून म्हणाले, "हे लाल दोरे कशाचे?"

नळीवर मामांनी दोरे बांधलेले असत, प्रत्येक काट्यासाठी एक. आवाज घुमतो ती जागा आधीच खुणेला. परीक्षेच्या वेळी एकेका पोराला पाच मिनिटं मिळतात, त्यात शोधत बसायला नको म्हणून. हे दोरे मी इतकी वर्षं बघत होते की आता मला ते दिसतच नसत. काढून टाका, असं सांगायचंही सुचलं नाही, आणि मामांना ते नळीचाच भाग वाटत.

"उत्तरं बांधून ठेवायची पद्धत आहे तर," सचिव माझ्याकडे बघत म्हणाले. "आपल्या शाळेत प्रात्यक्षिकाचे मार्क असे पडतात होय?"

मुख्याध्यापकांनी खिडकीबाहेर पाहिलं. मी बोलायला तोंड उघडलं, तोवर मामांनी खणातून कात्री काढली होती. त्यांनी एकेक करून सगळे दोरे कापले आणि टेबलावर ठेवले.

"आता नळी कोरी हाय, साहेब."

प्राध्यापकांनी आपल्या पिशवीतून एक नादकाटा काढला. त्यावरच्या आकड्यावर चिकटपट्टी लावलेली होती. "याची वारंवारता सांगा."

मामांनी तो काटा हातात घेऊन वजन पाहिलं, गुडघ्यावर आपटला, कानाशी नेला. मग बाजूला ठेवला आणि आधी आपला पाचशे बाराचा उचलला. नळी हळूहळू वर आणली. आवाज घुमला. सोळा पूर्णांक चार. खात्रीसाठी पुन्हा केलं, पुन्हा सोळा पूर्णांक चार सेंटीमीटर. मग प्राध्यापकांचा काटा. या खेपेला नळी खूप वर न्यावी लागली. एकदा पुढे गेली, मागे आणली, पुन्हा पुढे. खोलीत पंख्याचा आवाज येत होता म्हणून मामांनी न विचारता पंखा बंद केला. सचिवांना घाम फुटला. बावीस पूर्णांक एक.

मामा फळ्याकडे वळले. "चाल दोघांची एकच, कारण हवा एकच. ह्याचं पाऊल लांब, म्हंजे ह्याची पावलं कमी." पाचशे बारा गुणिले सोळा पूर्णांक चार, भागिले बावीस पूर्णांक एक. भागाकार सावकाश केला, हातचे बोटांवर मोजत. उत्तर आलं तीनशे ऐंशी.

"तीनशे ऐंशी?" प्राध्यापकांनी विचारलं.

"आकडा तीनशे ऐंशी आला, साहेब. पर तीनशे ऐंशीचा काटा म्या सव्वीस वर्षांत बघितला न्हाई. तीनशे चौऱ्याऐंशी असंल."

"मग चार गेले कुठे?"

"नळीच्या तोंडावरची चिमूटभर हवाबी हालती. ती पट्टीत येत न्हाई. आखूड नळीला ती चिमूट जास्त जाणवती, लांब नळीला कमी. तिथं गेले."

प्राध्यापकांनी चिकटपट्टी सोलली. तीनशे चौऱ्याऐंशी.

माझ्या हातातलं पेन तळहातावर आपटलं, बहुतेक मी टाळी वाजवायला निघाले होते. पण प्राध्यापकांचं झालं नव्हतं. त्यांनी टेबलावरचा एक कापलेला दोरा उचलला. "हे कायमचे बांधलेले असत?"

"न्हाई साहेब. वर्षातून दोनदा सरकवावे लागतात. डिसेंबरात बराबर बसवलेला दोरा एप्रिलमधी चुकतो. म्या म्हणायचो, दोरा ढिला पडला."

"कुठे सरकवता?"

"उन्हाळ्यात नळी जास्त लागती. दोनशे छप्पन्नला सेंटीमीटरभर."

"का?"

हे मी शिकवलं नव्हतं. दोरे सरकतात हेच मला माहीत नव्हतं. पंखा बंदच होता. सचिव घड्याळ बघायला लागले. मामांचे ओठ हलत होते, जणू ते कुठल्या तरी रस्त्यावर मनातल्या मनात चालत होते.

"काटा तोच," ते हळू म्हणाले. "म्हंजे पावलं तेवढीच. पाऊल लांब झालं. पावलं तेवढीच आन् पाऊल लांब, म्हंजे... चाल वाढली." मग त्यांचा तो ढोलाचा आवाज खोलीभर झाला. "चाल रस्ता ठरवतो! रस्ता बदलला, साहेब! तापलेल्या हवेत आवाज जल्दी पळतो! दोरा ढिला पडलाच नव्हता! सव्वीस वर्षं दोरा बराबर सांगत व्हता, आन् म्या त्यालाच शिव्या घातल्या!"

प्राध्यापक खुर्चीवरून उठले. मामांच्या खांद्यावर हात ठेवून सचिवांना म्हणाले, "मी छत्तीस वर्षं हा प्रयोग शिकवला. बघत बघत हे शोधून काढणारा विद्यार्थी मला मिळाला नाही. तुमच्याकडे तो दाराबाहेर बसतो, असं ऐकलं." हे त्यांना कुणी सांगितलं, ते मी इथे लिहीत नाही. त्यांनी शेरा लिहिला, सही केली, आणि कागद सचिवांपुढे सरकवला. सचिवांनीही सही केली. दुसरं करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पुतण्या व्हरांड्यातून सगळं बघत होता. तो आत आला आणि म्हणाला, "मामा, ते चिमूटभर हवेचं मला पुन्हा सांगाल का?" मामांनी त्याला पुन्हा सांगितलं, अगदी सावकाश.

ऑर्डर निघायला महिना लागला. त्यानंतर मामा निवृत्तीपर्यंत सहायक होते. नळीवर त्यांनी पुन्हा कधी खूण केली नाही. पोरांना शोधायला लावायचे आणि वेळ कमी पडला तर माझ्याशी भांडून वाढवून घ्यायचे. ते जाण्याच्या आदल्या वर्षी मी त्यांच्या घरी भेटायला गेले होते, तेव्हा खाटेवर पडल्या पडल्या शांताबाईंच्या पावलांचा आवाज ऐकून म्हणाले, "एकशेवीसवर आलीय. म्हातारी झाली." शांताबाई आतून म्हणाल्या, "तुमचं तर मोजायलाच न्हाई राहिलं काही." दोघंही मनापासून हसले.

पण हे सगळं नंतरचं. समिती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला तास नववी 'ब'चा होता, ध्वनीची उजळणी. ऑर्डर नव्हती, रीत तीच होती. मामांनी बरणी, नळी, काटे मांडले आणि सवयीने दाराकडे निघाले. मी त्यांना थांबवलं, हजेरी घेतली, खडू त्यांच्या हातात दिला आणि मुलांमधून वाट काढत शेवटच्या बाकावर जाऊन बसले. वही उघडली. उन्हाळ्यातल्या नळीचं मला नीट उतरवून घ्यायचं होतं.